घरची सरी

हौसानं आणि मी शेवटचं एकत्र काय केलं, तर भेंडी तोडली. दिवस कलला होता. भेंडीची लव हाताला खाजते म्हणून दोघांच्या हातांत जुने पायमोजे. मधेच तिनं एक कोवळी भेंडी मोडली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी माझ्यापुढं धरली.

"घ्या की अवं. लोन्यावानी हाय."

"दात कुठंयत मला?"

"लोन्याला दात कशाला लागत्यात?" ती हसली, आणि ती अर्धीही तिनंच खाल्ली.

त्या अर्ध्या भेंडीमागं काय आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक जीभ वळतेय.

आमच्याकडं भाजी पिकवणारा एक सरी घरासाठी ठेवतो. तिला औषध मारत नाही. कुणी बोलून दाखवत नाही — पण ठेवतो. का? आपलं आपल्याला ठाऊक असतं म्हणून. फवारल्यावर इतके दिवस तोडा करू नका, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. पण भेंडी थांबते का? दिवसाआड तोडली नाही तर निबर होते, मग कुणी विचारत नाही. मी आज फवारायचो आणि उद्या तोडायचो. बाकीच्यांचं मी कशाला सांगू?

आमची घरची सरी विहिरीच्या कडेला होती. ती हौसाची. ती अकोले तालुक्याच्या डोंगरातली, बांधावरचं तोडून तसंच खायची सवय. त्या सरीतलंच घरात शिजायचं.

मग परदेशात माल धाडणारा एक व्यापारी आला. भाव बरा, पण अट — आधी माल तपासायचा, औषधाचा अंश जास्त निघाला तर घेणार नाही. नमुना न्यायला साहेब आला. हौसा तेव्हा भाचीच्या लग्नाला गेली होती. साहेब म्हणाला, सगळ्या रानातून थोडी थोडी घ्यायची. ऊन मरणाचं. मी म्हणालो, "साहेब, तुमी सावलीला बसा, पानी प्या. मी आनतो तोडून."

कुठली आणली, ते कळलंच असेल तुम्हाला.

माल पास झाला. हौसा आल्यावर कागद मीच तिच्यापुढं नाचवला. तिला अक्षर येत नव्हतं, मला जेमतेम. "बघ, सगळं रान साफ हाय."

इथं जरा थांबतो. साहेबाला फसवलं, ते मला फार टोचत नाही — खरं तेच सांगतो. टोचतं ते पुढचं.

ती म्हणाली, "मग येगळी सरी कशाला अडवायची?" आणि तिनं घरची सरी उपटून तिथं झेंडू लावला. तिच्या चुलीवर मोठ्या रानातली भेंडी चढली. तेव्हा तोंड उघडायचं होतं. ती काही गावभर बोंबलली नसती. पण तिनं माझ्याकडं एकदा बघितलं असतं — तेवढंच मला नको होतं.

व्यापारी एका हंगामात गेला. माल पुन्हा मार्केटला जाऊ लागला, तिथं कोण तपासतंय? हौसा मात्र 'साफ हाय' धरून बसली.

आणि मी? मी भेंडी सोडली. आधी पोट फुगतं म्हणालो, मग दात म्हणालो. तिला वाटायचं, आपला हात बिघडला. कधी कूट घालून बघायची, कधी ताकातली करायची. "आता तरी खावा." मी लोणचं-भाकरी खायचो, आणि समोर ती भेंडी खायची. किती वर्षं! तिला सांगायचं नाही, आपण मात्र खायचं नाही — याला काय म्हणतात? शब्द आहे माझ्याकडं. उच्चारायला जीभ होत नाही.

आता भाकरी मीच थापतो. वाकडीतिकडी. समोर कुणी नसतं, तरी ताटात बघूनच जेवतो. सवय.

त्या संध्याकाळी तिनं तोडलेल्यातलीच भेंडी केली, खाल्ली. थोडी पातेल्यात उरली. सकाळी ती उठली नाही. हात लावला तर गार. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय. असेल. मला त्यातलं कळत नाही, आणि त्या शब्दाच्या आड मला बसायचंही नाही.

मी तिच्याजवळ बसलो. मग मनात आलं — आता माणसं येतील. लेक येईल नातवंडं घेऊन. भुकेलं एखादं पोर पातेलं उघडेल. कुणाला हाक मारायच्या आधी मी ते पातेलं उचललं, झेंडूत खड्डा केला, भाजी पुरली, पातेलं राखेनं घासून पालथं घातलं. पोरांसाठी ते लगेच सुचलं.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी गेलो. आदल्या संध्याकाळी दोघांनी भरलेले क्रेट एकेक करून चढवले.

"आज एकलंच का बाबा? मामी न्हाई दिसत," ड्रायव्हर म्हणाला.

"निजलीय," मी म्हणालो.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. मग मी शेजाऱ्याला हाक मारली.