जावयाच्या माळावरचे दगड

आमच्या दाजींइतका कमी मागणारा जावई सेनगाव तालुक्यात दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल, आणि सांभाळायला इतका अवघडही. धोंड्याच्या महिन्यात आईनं अंगठी पुढं केली, तर म्हणाले, "हे नको. तुमचा माळ तेवढा जसाच्या तसा राहू द्या."

वसमतच्या कॉलेजात दाजी प्राणीशास्त्र शिकवतात. पावसाळ्यात माझ्या लग्नाच्या पंगतीतून उठून ते विहिरीच्या काठावर बेडकांचं ओरडणं ऐकत बसले होते. इकडं बुंदी वाळली. पण खरा जीव माळावरच्या सरड्यांत. उन्हाळ्यात नर एकेक उंच दगड धरतो, गळ्याखालचा निळा-काळा-तांबडा पंखा उघडून मादीला रिझवतो, शेजाऱ्याला दटावतो. कोणत्या दगडावर कोण, हे दाजी सालोसाल पाहत आले. जवळ बसलेल्यानं शिंकायचीसुद्धा सोय नाही. "पाहुण्यानं गप बसावं," म्हणतात.

यंदा त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष, अभ्यासाचा शेवटचा उन्हाळा. आई म्हणाली, "जावईबापूंना दगडं टोचून राहिले रे, जरा जागा कर." आयुष्यात मी एवढं मन लावून दुसरं काम केलं नव्हतं. ट्रॅक्टर लावून सारा माळ अंगणासारखा सपाट केला. वर बाज, गादी, तक्क्या.

दाजी आले.

"आता ते बसतील कुठं?"

"पुन्हा मांडतो न दगडं, दाजी."

"कुठला कुठं होता, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बाज ओलांडून पलीकडं मातीत बसले. मी मागं, चोरासारखा.

ऊन तापलं तसा एक नर आला. चढायला बाजेहून उंच असं त्या माळावर आता एकच उरलं होतं. तो दाजींच्या पाठीवरून सरसर त्यांच्या टोपीवर जाऊन बसला.

ओठ न हलवता दाजींनी विचारलं, "काय करून राहिला?"

"मुंडी हलवून राहिला."

"पंखा?"

"उघडला, दाजी. निळा... खाली तांबडा. लई झ्याक."

दाजींनी डोळे मिटले. जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं ते आज माझ्यासारख्या गाढवाच्या तोंडून ऐकत होते.

थोड्या वेळानं सरड्यानं टोपीवरून मागं उडी टाकली आणि त्या सपाट मातीतून तुरुतुरु निघून गेला. दाजी तसेच ताठ बसलेले.

"आहे का अजून?"

"हाय," मी म्हणालो. "हलू नका."