पांढऱ्या धुळीतला डॉक्टर

डॉक्टरकी सोडून कैक वर्षं झाली. रोग्यांची नावं विसरलो, स्वतःची फजिती मात्र एकही विसरत नाही. एक आठवली की मागून दुसरी खोकत येते!

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतरचा काळ. उस्मानाबाद जिल्ह्यात एका खाऱ्या तळ्याकाठच्या सरकारी दवाखान्यात मी रुजू झालो. उन्हाळ्यात तळं आटायचं, तळाशी पांढरा खार उरायचा आणि दुपारच्या वाऱ्यानं गावभर उडायचा. गाव खोकायचं. जवळ दोन पदव्या. पहिल्याच आठवड्यात मी निम्म्या गावाला क्षयाचा संशयित ठरवलं! कंपाउंडर विठोबा म्हणाला, "साहेब, बैलं पण खोकायल्यात. त्यांचे पण केसपेपर काढू का?"

*

धूळ नाकात जाऊ नये म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलो. लोकांनीही बघून तसंच करावं, हा हेतू. संध्याकाळपर्यंत चार घरांतून लवंगा आल्या. डॉक्टरची दाढ दुखतीय, अशी गावभर बोंब!

*

मग चावडीवर व्याख्यान दिलं. "तळ्यात रोज पाणी शिंपडा, धूळ बसेल." सगळे माना डोलवत होते. एक म्हातारा उठला. "लई चांगलं सांगितलं. पण शिंपडायला पाणी असतं, तर तळं कशाला वाळलं असतं?"

*

चांदबी तळ्यातला खार खरवडून धोब्यांना विकायची. सोबत मुलगी झुलेखा. तिचं लग्न येडशीच्या सायकल दुकानदाराच्या मुलाशी ठरलेलं. तिचा खोकला ऐकून मी चिठ्ठीवर 'क्षय?' असं लिहिलं आणि छातीच्या फोटोसाठी सोलापूरला धाडलं. प्रश्नचिन्ह माझ्या स्वभावातलं. पण येडशीला बातमी पोचली ती प्रश्नचिन्हाशिवाय! लग्न अडलं.

पंधरा दिवस सोलापुरात मावशीकडे राहून झुलेखा परतली. फोटो स्वच्छ, खोकला गायब! मी खुशीत विचारलं, "माझं औषध लागू पडलं ना?"

तिनं पिशवीतून बाटली काढली. बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं. "तिथं खोकलाच न्हाय आला, डाक्टरसाब."

जे बैलांना कळलं होतं, ते तेव्हा कुठं मला कळलं.

*

नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे चांदबीचे होऊ घातलेले समधी, कासीमभाई भर चैत्रात, दुपारी दवाखान्यात येऊन बसले. चांदबी दाराशी उभी. मी म्हणालो, "क्षय वाटत नाही, ही तळ्याची धूळ असावी. झुलेखा येडशीला आली की खोकला थांबेल."

"लेखी द्या."

मी लिहिलं, 'बहुधा क्षय नाही.' विठोबानं ते मोठ्यानं वाचलं. चांदबीनं कपाळाला हात लावला. मी कागद फाडून दुसरा घेतला. 'क्षय नसावा.' तोही फाडला.

तेवढ्यात वारं सुटलं. खिडकीतून पांढरा लोट आत आला आणि कासीमभाईंना ढास लागली. थांबेचना! चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. माझा हात घट्ट धरून ते म्हणाले, "डाक्टरसाब, मला तर क्षय न्हाय ना झाला?"

"अजिबात नाही!" आयुष्यात पहिल्यांदाच मी न अडखळता बोललो.

दारातून चांदबी म्हणाली, "लिहून घ्या, समधीसाब!"