आत्याबाईंची अकरा नंबरची कंबर

माझ्या सासूबाई वच्छलाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. बिडकीनजवळ त्यांचा साठ शेळ्यांचा कळप होता. २०१६ च्या दुष्काळात टँकर गावाबाहेरच थांबायचा. तिथून शेळ्यांसाठी हंडे वाहताना एक दिवस त्यांच्या कमरेत उसण भरली. पुढं चराईच्या रानातून कंपन्यांचे रस्ते गेले, शेळ्या विकाव्या लागल्या आणि सासू-सासरे आमच्याकडं शहरात, छावणी भागात राहायला आले. शेळ्या गेल्या, हंडे गेले. उसण मात्र सामानासोबत आली.

सहा वर्षं ती मुक्कामाला होती. एक्स-रे साफ, एमआरआयही साफ. एक डॉक्टर म्हणाले, "काहीच नाही." मी शेजारी उभी राहून मान हलवली, म्हणून आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सासरे, म्हणजे सूर्यभानमामा, म्हणायचे, "दुखतं हिच्या कमरंत, अन् सोसायचं मी."

मला काळजी वेगळीच होती. साठ शेळ्या तोंडावरून ओळखणारी बाई भाजीत दोनदा मीठ घालायची आणि तिसऱ्यांदा घालायला डबा शोधायची. शेवटी मी त्यांना दुखण्यावरच उपचार करणाऱ्या डॉक्टर तनुजांकडं नेलं आणि मिठाचंही सांगितलं.

"शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती, आजी?"

"अकरा."

"दहाच्या पुढं नाही."

"मग तुमची मोजपट्टी आखूड हाय."

डॉक्टरांनी दहा लिहिले. मग दाब मोजायचं छोटं यंत्र काढून त्याचं रबरी टोक अंगठ्याच्या नखावर टेकवलं. दाब हळूहळू वाढणार, दुखायला लागलं की सांगायचं. आधी माझी पाळी. मी चार किलोला बोलले. आत्याबाई दीड किलोलाच म्हणाल्या, "बास." मला वाटलं, झालं नाटक सुरू.

डॉक्टर म्हणाल्या, "अंगठ्याला तर काही झालेलं नाही, तरी इतक्यात दुखलं. कमरेची इजा भरून आली असेल, पण मेंदू आणि नसा अजून सावध बसल्यात. थोडा दाबही त्यांना धोका वाटतो. दुखणं खरं आहे. आणि सगळं लक्ष तिकडंच गेलं की मिठासाठी उरत नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

मग लक्ष तपासायला एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायची होती. आत्याबाई सुरू झाल्या, "चांदी, मोरी, बुटकी, लंगडी, सरपंचीण..." मिनिटात चौतीस.

"या सगळ्या शेळ्याच का?"

"नाय. दोन बोकड हाईत."

प्राणी एकच, म्हणून नियमानं एकच गुण मिळाला. डॉक्टरांनी मात्र नोंद करून ठेवली, की जुनं सगळं आठवणीत जागेवर आहे.

उपचार म्हणजे थोडं औषध, वेळेवर झोप आणि रोजचं चालणं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग सात. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून बंद नाही. घड्याळ सोबत चालणाऱ्या मामांकडं दिलं. तेच आधी दमायचे.

आठ महिन्यांनी नख तीन किलोपर्यंत तग धरू लागलं.

"आता किती, आजी?"

"पाच. हे घरी असले तर सात."

मीठही एकदाच पडू लागलं. दुखणं पुरतं गेलेलं नाही, जाईलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण परवा आम्ही गुलमंडीच्या बाजारात झंपराचं कापड घ्यायला गेलो. आत्याबाई उभ्या उभ्या अर्धा तास दुकानदाराला ताके उलगडायला लावत होत्या. मी दमून पायरीवर बसले. आतून आवाज आला, "तो वरचा हिरवा दावा बरं जरा."