जवळचं बघताना

आमच्या तपासणीच्या फॉर्मवर शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना आहे. बोटभर! त्यात 'मूल रडले' नाहीतर 'मान हलवली' एवढंच मावतं. बाकीचं कुठे लिहिणार? ते माझ्याकडेच साचत गेलं. आता कुणी नुसतं "काम कसं चाललंय?" विचारलं तरी दोन-चार किस्से सांडतात. हसू येईल असे त्यात थोडेच, हे आधीच सांगते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी. मुलांचे डोळे जवळचं आणि लांबचं बघताना फोकस कसा बदलतात, ते कॅमेऱ्यानं टिपायचं, असा आमचा प्रोजेक्ट. मूल अंधाऱ्या खोलीत बसतं, आधी लांबचं चित्र बघतं, मग जवळचं. डोळ्यातलं भिंग जवळच्या चित्रावर जमलं की स्क्रीनवरची रेषा वर चढते. भंडारा जिल्ह्यात आम्ही तिघं फिरतो : डॉक्टर मॅडम, मी आणि गाडी चालवणारे भोजराजभाऊ.

*

आंबागडला निरोप गेला होता की डोळ्यांचे फोटो काढणार आहेत. गावानं त्यातलं 'फोटो' तेवढं ऐकलं! सात वर्षांची एक पोरगी पावडर लावून, नवा फ्रॉक घालून आजीबरोबर आली. तपासणी झाल्यावर आजी जागची हलेना.

"फोटू द्या ना बाई. इची माय पुण्याले कामावर हाये, तिले धाडाचा हाये. सा महिने झाले, लेकरू पायलं नाही तिनं."

स्क्रीनवर होत्या नुसत्या दोन करड्या बाहुल्या! मी घाईनं पोरीला बाहेर नेलं आणि माझ्या मोबाईलवर फोटो काढला. अंधारातून एकदम उन्हात आलेली ती, डोळे मिटलेच. तीनदा काढला, तिन्हीदा मिटलेले.

भोजराजभाऊ म्हणाले, "दोन्ही धाडा ना मॅडम. एकात पोरगी हाये, एकात डोरे!"

आम्ही खरंच दोन्ही पाठवले.

*

एका शाळेत सहावीतला एक मुलगा. पुस्तक समोर आलं की पाच मिनिटांत मान टाकायचा. गुरुजी म्हणाले, "याचं नका करू. कामचोर हाये थो. वाचाले बसवलं का झोपते."

तरी केलं. लांबच्या चित्राला रेषा ठीक. जवळचं चित्र आणलं, तशी जरा चढली आणि धपकन खाली! पुन्हा तेच. त्याचे डोळे जवळच्या अक्षरांवर टिकतच नव्हते. मॅडमनी गुरुजींना स्क्रीन दाखवून सगळं समजावलं.

गुरुजी त्या रेषेकडे बघतच म्हणाले, "दोन वर्सं झाले, मी याले रोज वर्गात उभा करून राहिलो."

मुलानं आमच्याकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं, "मंग आता गुर्जीले कोन उभं करन?"

गुरुजी तेव्हा उभेच होते.

*

जवाहरनगरच्या क्वार्टर्समधला एक किस्सा. वडील फॅक्टरीत नोकरीला, शिस्तीचे. अकरा वर्षांच्या मुलीची फाईलच घेऊन आले. "दर वर्षी चेकअप करतो. दोन्ही डोळे एकदम नॉर्मल!"

कॅमेऱ्यात उजवा डोळा चित्रावर झटकन आला. डावा आलाच नाही. मॅडमनी नंतर नीट तपासलं, तर डाव्यातून फार कमी दिसत होतं. लहानपणी कळलं असतं तर बरंच सुधारलं असतं. आता प्रयत्न करायचे, पण खात्री देता येत नव्हती.

वडील चिडले. "मग इतकी वर्षं हिनं तक्ता वाचला कसा?"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "उजव्या डोळ्यानं वाचताना पाठ करून घेत होती."

"पण कशाला?"

"तुम्हीच मागे उभे राहून म्हणायचे ना पप्पा, एकही चूक नको."

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत भोजराजभाऊ स्वतःच मशीनसमोर बसले. "माही बी पाहा." वय पंचावन्न. लांबचं चित्र, जवळचं चित्र, रेषा ढिम्म!

"काहून सरळ हाये?"

मी सांगितलं की वयानं भिंग कडक होतं, सगळ्यांचंच होतं. मग मॅडम बसल्या. त्यांचीही सरळ! भोजराजभाऊंना जरा धीर आला.

"हार्टची लाईन सरळ झाली का मानूस खतम," ते डबा उघडत म्हणाले. "डोऱ्याची झाली त चष्म्यावर भागते. सस्त्यात सुटलो!"

*

मोठ्या मुलाला तपासायला घेऊन आलेल्या एका आईच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी होती. कौतुकानं मी तिचा मोबाईलवर फ्लॅश मारून फोटो काढला. एक बाहुली लाल आली, दुसरी पांढरी. मी फोटो मॅडमना दाखवला. त्यांनी लगेच नागपूरच्या हॉस्पिटलला फोन लावला.

डोळ्यात गाठ होती. डोळा काढावा लागला. मुलगी वाचली.

तीन महिन्यांनी आम्ही मुद्दाम भेटायला गेलो. मुलगी अंगणात कोंबडीमागे धावत होती. आईनं चहा दिला आणि विचारलं, "तुमी आले नसते त तिचा डोरा राहिला असता ना?"

गाठ पसरली असती तर मूलच गेलं असतं, हे तिला आधी तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगायची आमची हिंमत झाली नाही.

"राहिला असता," मॅडम म्हणाल्या.

चहा तसाच निवला.

*

कारध्याच्या अंगणवाडीत एक तरुण आई आली, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. आई जन्मापासून आंधळी. नणंद तिचा हात धरून होती.

"इले दिसते का, तेवढं सांगा," आई म्हणाली.

"दिसते ना वैनी!" नणंद म्हणाली. "किती खेपा सांगतलं!"

"मले बरं वाटावं म्हनून सांगत असन तुमी. मशीन त खोटं बोलनार नाही ना?"

बाळाला नणंदेच्या मांडीवर बसवलं. मी कॅमेऱ्याजवळ खुळखुळा धरला, रंगीत चित्र धरलं. ती बघेचना, सारखी आईकडे मान वळवायची. शेवटी मॅडमनी आईलाच उठवलं आणि तिचा चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी वर येईल असं बाळासमोर बसवलं.

रेषा चढली आणि वरच राहिली. इतकी स्थिर रेषा मी मोठ्या मुलांचीही क्वचित पाहिली होती.

"बघतेय," मॅडम म्हणाल्या.

"कायले?"

"तुमच्याकडे. तुमच्या चेहऱ्याकडे."

आई मागे सरकली. रेषा थोडी उतरली. ती पुढे झाली, तशी रेषा पुन्हा चढली. मी तिला तसं सांगत गेले.

"आता बी पायते?"

"आताही."

तिनं दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. मग हळूच विचारलं,

"म्हंजे माहं रडनं बी दिसते तिले?"