फेसाचं घर

रविवार, सकाळचे नऊ. हजर: मी, आमचे हे आणि काचेच्या टाकीतला निळा फायटर मासा. गैरहजर: मुलगा निखिल. मासा आमच्यावर सोपवून तो नोकरीसाठी परगावी गेला.

दर रविवारी टाकीचं अर्धं पाणी मी बदलते. कोपऱ्यात साचलेला फेस घाण समजून जुन्या गाळणीने काढून टाकते. आज फोनवर हे ऐकून निखिल ओरडलाच. "आई, अगं ते त्याचं घरटं आहे! तोंडाने एकेक बुडबुडा सोडून बांधतो तो. अंडी ठेवायला."

"अंडी कुठली? मादी कुठाय?"

"नसली तरी बांधतो. यांच्यात अंडी-पिल्लं बापच सांभाळतो."

हे पेपरामागून म्हणाले, "ऐकलंस? बापच!"

मी हसले आणि गाळणी खाली ठेवली. इतके रविवार मी त्याचं घर उपसलं आणि दर वेळी त्याने पुन्हा पहिल्या बुडबुड्यापासून सुरुवात केली. कोणी येणार हे नक्की झालं की मी तयारीला लागते. हा आधी जागा करून ठेवतो. माझी पद्धत सोयीची आहे, पण घर बहुधा त्याच्याच पद्धतीने उभं राहत असावं.

फेसाला धक्का न लावता पाणी बदललं. दुपारपर्यंत रविवारसाठी लिहून ठेवलेल्या यादीतली बाकीची कामंही उरकली. एकच राहिलं: निखिलचा पलंग काढून तिथे शिलाई मशीन लावणे. हे आत त्याच पलंगावर धुतलेली चादर घालत होते, दर रविवारसारखी.