टाके मात्र मांडीला

ऑपरेशन होऊनही आबांच्या डोक्यावर एकही टाका नव्हता. आमच्याकडे गाठीवरून झाला नसेल एवढा गोंधळ त्यावरून झाला.

आबा म्हणजे माझे वडील, जामखेडकडचे शेतकरी. मागच्या वर्षी ते दाराच्या चौकटींना धडकू लागले. समोरचं दिसायचं, दोन्ही बाजूंचं नाही. आम्हाला वाटलं मोतीबिंदू, गावाला वाटलं माज. भर बाजाराच्या कलकलाटात चुलत्यांनी बाजूने हात वर करून रामराम केला, आबा तसेच पुढे गेले. "पोरगी नगरला फ्लॅटात ऱ्हाती, आता दादाला आमी कशाला दिसतोय," म्हणत चुलत्यांनी बोलणंच टाकलं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या बुडाशी गाठ आहे, ती डोळ्यांच्या नसा दाबतेय. नाकातून दुर्बीण घालून काढू. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण नाकातून तिथवर कसं पोचतात ते मला काही केल्या उमजेना. मान मात्र डोलावली. नजर परत येईल का, विचारलं. "आत्ताच सांगता येणार नाही." एवढं एकच नीट समजलं.

आबा कुणालाही न विचारता न्हाव्याकडून चकोट करून आले. "डोकं फोडायचं म्हंजी केस कशाला?" डॉक्टर हसले. मला हसावं की रडावं तेच कळेना.

ऑपरेशननंतर नाकात बोळे, डोकं गुळगुळीत आणि टाके मांडीला! आतलं भोक बुजवायला मांडीतली चरबी घेतली होती म्हणे. नगरमध्येच सावेडीला माझ्या घरी त्यांना आणलं. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. गावाकडून माणसं शहाळी घेऊन येत आणि आधी आबांचं डोकं चहूबाजूंनी न्याहाळत.

"टाकं कुठंयत?"

मी मांडीकडे बोट दाखवायचे.

"रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला!" शेजारच्या काकू म्हणाल्या. "डॉक्टरनं लेकीला येडं बनिवलं वाटतं."

मी चिडले. पण खरं सांगायचं तर मलाही धड काही ठाऊक नव्हतं. गाठ खरंच निघाली का? मग चौकट अजून का लागते? आबांना बाजूचं दिसतंय का विचारलं की एकच उत्तर, "कळंना गं."

एका रविवारी चुलते आले. अजून रुसलेलेच. चपला काढून आबांच्या एका बाजूला, सोफ्याच्या पार टोकाला टेकले. समोर काकूंचं मांडीपुराण चालू होतं आणि आबा त्यांच्याकडे बघत ऐकत होते. चुलत्यांनी हात नुसता अर्धवट वर केला, कुणाला दिसला न दिसला असा.

आबांनी मान वळवली नाही. काकूंकडेच बघत म्हणाले, "रामराम. बाजारातला बी ह्यातच धर."

बाजूने वर झालेला हात आबांना दिसला होता! मी चहाचा ट्रे तिथेच खाली ठेवला. चुलते उठले, आबांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि पुन्हा हात वर केला.