शंकेकरांना न पटलेला शेवट

शंकेकरांशी माझं भांडण सिनेमावरून झालं, असं आमचा फिल्म क्लब आजही समजतो. ते खोटं आहे. खरं कारण मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

शंकेकर हे आडनाव आम्ही ठेवलेलं. खडकीच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली आणि निवृत्तीनंतरही तपासणी सुटली नाही. मंडईत ते पेटीतले वरचे आंबे उचलून खालचे बघत. विक्रेता वैतागला की म्हणत, "वरचे तू निवडलेस, खालचे मला निवडू दे." गोड शेवटाच्या सिनेमांवर तर विशेष संशय. दिवे लागले की आम्ही टाळ्या वाजवायचो आणि ते चष्मा पुसत विचारायचे, "झालं समाधान?"

एका रविवारी ते आमच्याकडे खराडीला जेवायला आले. मी, बायको, मुलगा; तिघांनी आपापलं ताट वाढून घेतलं, आपापला मोबाइल उघडला. मुलाचा भात संपलेला फक्त शंकेकरांना दिसला. त्यांनीच उठून वाढला. निघताना म्हणाले, "स्वयंपाक छान. पण आज मी नक्की कोणाकडे जेवलो?" मी हसलो. मनात मात्र ते टोचत राहिलं.

पुढच्याच आठवड्यात क्लबात एक जपानी सिनेमा होता. विखुरलेलं कुटुंब शेवटी एका टेबलाशी जेवायला बसतं. मी डोळे टिपत म्हणालो, "जमले बुवा एकदाचे."

"कोण जमले?" शंकेकर म्हणाले. "आईचा वाडगा रिकामा झाला. कुणाची मान वर झाली?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, तिकडे तशी पद्धत असेल."

"मग सुरुवातीला ती सगळ्यांचे वाडगे भरत होती, ती कुठली पद्धत? अहो, तिकडची घरं आतून कशी ओस पडलीत, ते दाखवतोय तो दिग्दर्शक. आणि तुम्ही रुमाल काढताय!"

बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं. आता हे माझ्या घरचा विषय चारचौघांत काढणार, असा संशय आला आणि मी म्हणालो, "काका, तुमच्या घरी तरी वाढायला कोण आहे?"

क्लब हसला. मग एकेकाला आठवलं, काकूंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. शंकेकरांनी खुर्चीची घडी घालून ती भिंतीला लावली, "बरोबर आहे," म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

माझ्या घराबद्दल ते कदाचित अवाक्षरही बोलले नसते. त्या शेवटाचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता. तो मला तिथल्या तिथे पटला होता, म्हणून तर झोंबला. ते अजून खडकीतच राहतात. त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांसमोर मी त्यांची माफी मागायला हवी. अजून मागितलेली नाही.